उशाकडची दोरी

फाटकघर, ड्रमकेर्न
९ मार्च २००६

प्रिय निनियन,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि मागून मेंढ्या ओरडतात. त्यातलं तुझं बोलणं कुठलं नि मेंढ्यांचं कुठलं ते टास्मानियाहून इथवर येईतो कळेनासं होतं. म्हणून पत्र.

बाबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत. शहाण्णव वर्षांचं शरीर, किती ओढणार? डॉक्टर येतो, नाडी बघतो, माझा चहा पितो नि जातो. मी सकाळ-संध्याकाळ नदीकाठच्या नव्या घरी जाऊन त्यांना ओटची पेज भरवते. अर्धी त्यांच्या हनुवटीवर जाते, अर्धी माझ्या बाहीवर. त्याची मला किळस येत नाही, हे मुद्दाम सांगते. किळस येते ती आपल्या धाकट्या भावाची.

ल्यूडोविकने किल्ल्यावर पाटी लावलीय. काळी, सोनेरी अक्षरांची. 'सन १७४६. कलोडनच्या लढाईनंतर लाल डगलेवाल्या इंग्रज सैनिकांनी हा किल्ला जाळला. छप्पर कोसळले, लोगी घराणे झुकले नाही.' झुकलं नाही म्हणे! लोगी घराणं त्या वर्षी इतकं झुकलं होतं की कपाळ जमिनीला टेकलं असेल. आपल्या त्या थोर पूर्वजाने लाल डगलेवाल्यांनाच याच किल्ल्यात बसवून हरणाचं मांस वाढलं, आणि बंडातल्या शेजाऱ्यांची नावं सांगितली, आणि त्याबदल्यात शेजाऱ्यांची दरी घेतली. जाळायला कोण बसलंय? आपलेच तर पाहुणे होते ते.

मी ल्यूडोविकला म्हटलं, "अरे, छप्पर बाबांनी काढलं. सत्तावन्न साली. मी सतरा वर्षांची होते, तू नऊ वर्षांचा, शाळेच्या वसतिगृहात नाक पुसत होतास. बिनछपराच्या इमारतीला घरपट्टी नाही, म्हणून काढलं. कौलं विकली, शिसं विकलं, तुळया करवतीने कापल्या."

तर म्हणतो, "ग्रिझल, घरपट्टी बघायला ह्यूस्टनहून कोण येणार गं?"

शी! बोलताना त्याला जराही लाज नाही. वर मलाच सांगतो, "तुझं व्याकरण चांगलं आहे, माहितीपत्रक तपासून दे." मी तपासलं. सगळं खोडून दिलं.

खरा इतिहास लिहायचा तर लिही म्हणावं. पहिल्या लोगीने मठ पाडून दगड आणले, ते इतक्या घाईत की स्वयंपाकघराच्या पायरीला एका भिक्षूचं थडगं उलटं बसवलंय. लहानपणी आपण रोज त्याच्यावर पाय देऊन जेवायला जायचो. पुढे खापरपणजोबांनी दरीतली माणसं काढून मेंढ्या घातल्या, आणि ती माणसं परत येऊ नयेत म्हणून त्यांच्या घरांची छपरं पेटवून दिली. छपरं काढणं हा आपला घरचाच धंदा बघ. आता त्याच माणसांची पतवंडं अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून येतात. आपल्या घराण्याचं चौकडीचं कापड कमरेला गुंडाळतात आणि ल्यूडोविकच्या गळ्यात पडून रडतात. तोही रडतो. मी बघितलंय, खरे अश्रू येतात मेल्याला.

तर मुद्दा असा. बाबा गेले की तू यायचंस. शवपेटीची उशाकडची दोरी तुझी आहे, थोरल्या मुलाची. तू आला नाहीस तर ती ल्यूडोविकच्या हातात जाईल, फोटो निघतील, आणि मग या किल्ल्याचं जे काही झालं ते लाल डगलेवाल्यांनीच केलं असं कायमचं ठरेल. छपरावर तू बसला होतास. तुला विसरायला आवडत असेल, मला नाही.

बाबा तुझी आठवण काढत नाहीत. विचारशील म्हणून आधीच सांगते.

ग्रिझल


फाटकघर
२८ मार्च

निनियन,

गेले. मंगळवारी दुपारी, चहाच्या वेळेला. मी शेजारीच होते. काही त्रास झाला नाही त्यांना. आयुष्यभर त्रास दुसऱ्यांनाच व्हायचा, शेवटीही तसंच.

म्हणजे आता लॉर्ड ड्रमकेर्न तू. जहागीर बाबांनी कधीच ल्यूडोविकच्या नावे करून ठेवलीय, त्यामुळे तुझ्या वाट्याला नुसती पदवी. मेंढ्यांना सांग, त्यांना बरं वाटेल.

पण पुढचं ऐक. तू म्हणशील अंत्यविधी झाला असेल. छे! बाबा शहरातल्या शीतगृहात आहेत, आणि बावीस एप्रिलपर्यंत तिथेच राहणार. का, तर बावीसला घराण्याचा मेळावा आहे, ह्यूस्टनवाले त्याच सुमारास यायचे आहेत, आणि ल्यूडोविकला एकाच तंबूत दोन्ही उरकायचंय. बापाला ताज्या सामन माशासारखं बर्फात ठेवलंय पाहुण्यांसाठी! मला त्या दिवसापासून मासा खाववत नाहीये.

आणि पुरायचं कुठे? भिंतीलगतच्या आपल्या नेहमीच्या जागेत, आईशेजारी? नाही. किल्ल्याच्या मोठ्या दालनात, मधोमध. ही मात्र ल्यूडोविकची कल्पना नाही, बाबांनीच लिहून ठेवलंय: 'माझ्या पूर्वजांच्या जळालेल्या छपराखाली.' जळालेल्या! मी दोनदा वाचलं. ज्या माणसाने खाली उभं राहून करवतवाल्यांना "हात चालवा" म्हणून दम दिला तोच लिहितो 'जळालेल्या'. पाहुण्यांना पोर्ट वाइन पाजता पाजता जाळपोळीची गोष्ट सांगायचे ना, ती सांगून सांगून स्वतःलाच पटली. दुसऱ्याला फसवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण स्वतः मारलेली थाप खरी मानून तिच्याखाली पुरून घेणारा माणूस आपल्याच घराण्यात निपजू शकतो.

गॉलन तुला पत्रिका पाठवतोय. म्हातारा गॉलन नव्हे, त्याचा मुलगा, पण बापासारखाच: सुतारकीही करतो आणि मयतीही. तिकडे उलट्या जगात तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. पत्रिकेवर पेटीचं चित्र असतं, आठ दोऱ्या, आठ आकडे. एक नंबर उशाशी, दोन नंबर पायथ्याशी, बाकी बाजूंना. ज्याच्या नावाची पत्रिका त्याने ती दोरी धरून पेटी खाली सोडायची. येता येत नसेल तर पत्रिकेच्या मागे दुसऱ्याचं नाव लिहून परत धाडायची. गॉलन त्यात कुणाचं ऐकत नाही. ल्यूडोविकने त्याला विचारून पाहिलं, "निनियन काही यायचा नाही, एक नंबर माझ्याच नावाने काढ ना." गॉलन म्हणाला, "पत्रिका परत येऊ दे, साहेब. त्यांची दोरी त्यांनी सोडली पाहिजे."

म्हणून लिहिते, ये. विमानाचं तिकीट काढ. तुझ्या खोलीत आता माझ्या कोंबड्यांचं खाद्य असतं, पण पलंग मोकळा करते.

ग्रिझल


फाटकघर
८ एप्रिल

निनियन,

उत्तर नाही. बरं.

काल ल्यूडोविक आला आणि अगदी खुशीत म्हणाला, "दोऱ्यांचं जमलं!" मी म्हटलं, काय जमलं? तर तीन नंबर ह्यूस्टनच्या एका दंतवैद्याला. चार नंबर त्याच्या मेव्हण्याला. पाच, सहा, सात... सगळे मेळाव्याचे वर्गणीदार! ज्याची वर्गणी भारी त्याला उशाजवळची दोरी, हलकी त्याला गुडघ्याजवळची.  बापाच्या पेटीच्या दोऱ्या वाटल्यात रे! निनियन, मी फार सहन करते, पण त्या क्षणी त्याच्या पुढ्यातला चहा उचलून घेतला. मोरीत नेऊन ओतला.

बाहेर येऊन विचारलं, "आणि टुलकांची दोरी?"

"कोण टुलक?"

या घरातल्या प्रत्येक मयतीत आठवी दोरी टुलकांची असते. आजोबांच्या वेळी डोलिना टुलकच्या बापाने धरली होती. जहागिरीतलं सगळ्यांत जुनं कूळ, त्यांचा तेवढाच एक मान. आणि हा विचारतो कोण टुलक! आठवी म्हणे एका बाईंना दिलीय, त्या चौकडीच्या कापडाचं दुकान चालवतात.

मी तशीच उठून गावात डोलिनाकडे गेले. सरकारी घरांच्या ओळीत शेवटचं घर, दारात गाजरं लावलेली. आता चौऱ्याहत्तरची आहे, हात संधिवाताने वाकडे झालेत. लाँड्रीच्या गरम पाण्यात तीस वर्षं घालवली, दुसरं काय होणार?

"या मिस ग्रिझल," म्हणाली. "म्हातारे सरकार अजून बर्फातच का?"

"बर्फातच."

"राहू दे. आमची आई पत्र्याच्या झोपडीत दोन हिवाळे अशीच राहिली. तिला कुणी मेळावा नाही भरवला."

तुला माहीत आहे, पण तू वर बसला होतास, तुला खालचं दिसलं नसेल, म्हणून सांगतेच. किल्ल्याच्या स्वयंपाकघराकडच्या बाजूला टुलक राहायचे, वर म्हातारा शिकारी गिल्ख्रिस्ट, आणि मागे धोबिणी. बाबांनी सगळ्यांना पंधरा दिवसांत बाहेर काढलं आणि लष्कराने टाकून दिलेल्या पत्र्याच्या झोपड्यांत घातलं. ज्या दिवशी कौलं उतरायला लागली त्या दिवशी तू वर चढून आढ्यावर पाय टाकून बसलास आणि म्हणालास, माझ्यासकट काढा. बाबांनी माणसांना सांगितलं, "त्याच्या आजूबाजूने काढा." काढलं त्यांनी! संध्याकाळपर्यंत तू बसला होतास तेवढीच फळी उरली. मग बाबा म्हणाले, "आता शिडी काढून घ्या. राहू दे त्याला वर." आणि पाऊस आला.

मी खाली रंगीत दालनात बादल्या मांडत होते. वेडी मी, बादल्यांनी काय होणार होतं? तो हत्ती आठवतो ना छताच्या फळीवर, ज्याने काढला त्याने हत्ती कधी पाहिला नव्हता, म्हणून घोड्याचे खूर आणि बॅगपाइपसारखी सोंड? चारशे वर्षं कोरडा राहिलेला हत्ती माझ्या डोळ्यांदेखत भिंतीवरून निळा-तांबडा होऊन ओघळला. माझ्या हातात बादली होती. मला कुणी विचारलं नाही, ग्रिझल, तू कुठे आहेस.

अंधार पडायच्या आत शिडी कुणी लावली हे तुला ठाऊक आहे. डोलिनाने. एकटीने ओढत आणली तबेल्यातून. दुसऱ्या दिवशी तिची लाँड्रीतली नोकरी गेली, ती पुढे दोन वर्षांनी परत मिळाली, कारण बाबांच्या गळपट्ट्यांना तिच्याइतकी खळ कुणाला जमेना. आणि तू त्या आठवड्यात बोटीत बसलास.

काल मी तिला आठव्या दोरीचं सांगितलं. तिने ओटची बिस्किटं नि चीज पुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा चेहरा पाहून मला आपल्या आडनावाची लाज वाटली. तू ये. लॉर्ड म्हणून ये, मेंढपाळ म्हणून ये, कसाही ये आणि त्या दंतवैद्याच्या वरच्या अंगाला उभा राहा.

ग्रिझल


फाटकघर
१९ एप्रिल

निनियन,

आज गॉलन पत्रिका घेऊन आला. टोपी काढून दारात उभा. "मिस ग्रिझल, परत आलीय." मी चष्मा लावला. मागे तुझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर: 'डोलिना टुलक', आणि खाली सही. बस्स. ना एक ओळ मला, ना 'कशी आहेस'.

आधी माझा संताप ऐकून घे. तू येत नाहीयेस! एकोणपन्नास वर्षांपूर्वी छपरावर बसलास, सगळ्या गावाने बघितलं, शूर झालास, आणि उतरून जो पळालास तो पळालास. मागे मी राहिले. बाबांची पेज मी, बाबांचे मोजे मी, ल्यूडोविकची नाटकं मी. आणि तू तिथून एक नाव लिहून पाठवतोस आणि पुन्हा शूर! मला तुझीही किळस आली, लिहून ठेवते.

मग मी स्वयंपाकघरात गेले, केटल ठेवली, आणि हसायला लागले. गॉलनही हसला. मयतीवाला हसताना मी पहिल्यांदाच पाहिला.

ल्यूडोविकला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "लाँड्रीवाली? उशाशी? बाईमाणूस?" गॉलन म्हणाला, "पत्रिकेवर लॉर्ड ड्रमकेर्नची सही आहे, साहेब." ल्यूडोविकने चर्चच्या मिनिस्टरसाहेबांना फोन लावला. मिनिस्टरसाहेब म्हणाले, बायकांनी दोरी धरायला बायबलात मनाई नाही, आणि आठव्या दोरीला तुम्हीच एक बाई दिलीय. ल्यूडोविकने फोन आपटला. पायथ्याची दोन नंबर त्याची, ती त्याला धरावीच लागणार.

मग तो स्वतः डोलिनाकडे गेला. मीही मागोमाग गेले, असला तमाशा कोण सोडणार? गोड गोड बोलायला लागला. "डोलिना, तुझं वय झालं, जमीन निसरडी असते, तू माझ्या नावाने सोडून दे ना. तुला पहिल्या रांगेत खुर्ची देतो."

डोलिना म्हणाली, "नको साहेब. मी धरणार."

"पण का? तुला तर बाबांचा रागच होता!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "खाली गेले की नाही, मला खात्री करून घ्यायचीय."

मी तुला हे शब्द जसेच्या तसे पाठवतेय. तिकीट काढायला अजून वेळ आहे. नाही ना येणार? नको येऊ.

ग्रिझल


फाटकघर
२३ एप्रिल

निनियन,

झालं एकदाचं.

पहिल्यांदा तंबू. पाऊस येणार म्हणून ल्यूडोविकने अख्ख्या दालनावर पांढरा तंबू ताणला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. गावातली माणसं आली होती, मला वाटलं नव्हतं येतील म्हणून. सगळी भिंतीला टेकून उभी. पाहुणे खुर्च्यांवर, गुडघे उघडे, थंडीने जांभळे. डोलिनाने आत येऊन वर बघितलं आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अगंबाई, छप्पर घातलं! आता घरपट्टी भरा म्हणावं!"

गाव हसलं रे. मयतीत, मोठ्याने. ल्यूडोविक पाहुण्यांना सांगत सुटला की हा स्थानिक विनोद आहे.

खड्डा आदल्या दिवशी खणला होता, त्यातून काय निघालं असेल? फुटक्या कौलांचा ढीग आणि तुळयांचे तुकडे. करवतीने सरळ कापलेले, टोकं पावासारखी सपाट. कुजून काळे पडलेत तेवढंच. ल्यूडोविकने त्यातला एक उचलून उंच धरला, "बघा, अजूनही कोळसा झालेला!" आणि सगळे उठले. वाटून घेतलं त्यांनी ते. मी जवळ गेले तर एका फळीच्या तुकड्यावर निळा ठिपका दिसला. पुसला. घोड्याचा खूर. आपल्या हत्तीचा पाय, निनियन! मी हात पुढे करेपर्यंत दंतवैद्याने तो "एक्स्क्यूज मी" म्हणून खिशात घातला. आता तो ह्यूस्टनला दातांच्या साच्यांशेजारी काचेत ठेवील आणि खाली लिहील, सतराशे शेहेचाळीस.  

मिनिस्टरसाहेबांनी ल्यूडोविकने दिलेलं भाषण वाचलं, त्यात ज्वाळाही होत्या. मग गॉलनने एकेक नंबर पुकारला. "एक नंबर." डोलिना पुढे आली. काळा कोट, डोक्याला रुमाल. ल्यूडोविक पायथ्याकडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डोलिना, तू नुसता हात लाव, वजन आम्ही घेतो."

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या बापाच्या ओल्या चादरी मी तीस वर्षं पिळल्यात. माझ्या हाताला वजन शिकवू नका."

आणि खरं सांगते, तिने एकटीनेच नीट सोडली. दंतवैद्याची दोरी घसरली, तो "ओ गॉड, ओ गॉड" करायला लागला. कापडवाल्या बाईंनी तर डोळेच मिटले होते. पेटी त्या बाजूला कलली. ल्यूडोविक घाबरून पायथा भराभर सोडायला लागला. डोलिनाने पाय रोवले, तिच्या त्या वाकड्या बोटांनी दोरी धरून ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हळू. सगळे माझ्याकडे बघा. हं, आता." आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघून सोडली. बाबा सरळ गेले खाली.

दोऱ्या आत टाकतात, तशा सगळ्यांनी टाकल्या. तिने नाही टाकली. ती वाकली, आत बघितलं. मी तिच्या शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. म्हणाली, "पोहोचलात, सरकार. आता शिडी नाही." मग टाकली.

आता तुला जे सांगितलं नव्हतं ते सांगते. मी लिहिलं की बाबा तुझी आठवण काढत नाहीत. खोटं लिहिलं. शेवटचे तीन आठवडे ते दुसरं काही बोलतच नव्हते. पेजेचा चमचा तोंडाशी नेला की माझं मनगट धरायचे आणि म्हणायचे, "शिडी लावा. पोर वर आहे. पाऊस येतोय." रोज. गेले त्या मंगळवारी दुपारीही तेच.

का नाही कळवलं, विचारशील. संताप आला म्हणून. अर्धं शतक उलटल्यावर शिडी आठवली! आणि तुझाही राग आला, कारण मला ठाऊक होतं, या चार शब्दांसाठी तू विमानात बसला असतास. माझ्या एवढ्या पत्रांसाठी नाही बसलास. आणि छपराखाली बादल्या घेऊन कोण उभं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही. मी त्यांच्या तोंडातली पेज पुसत होते, आणि ते माझ्या पलीकडे छपराकडे बघत होते.

मयतीच्या चहाला डोलिना माझ्याकडे आली. तंबूतल्या पाहुण्यांच्यात तिला बसायचं नव्हतं, मलाही. हॅम कापलं, व्हिस्की ओतली. 'आता शिडी नाही' हे तिचे शब्द माझ्या कानात घोळत होते, मला राहवेना, मी तिला बाबांचं सगळं सांगून टाकलं. तिने पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मग तुम्ही काय उत्तर द्यायचात?"

"सुरुवातीला काहीच नाही. शेवटच्या दिवशी म्हटलं, बाबा, शिडी कधीच लावलीय. डोलिनाने लावली."

"माझं नाव घेतलंत? त्यांच्यापुढे?"

"घेतलं."

तिचा चेहरा असा काही झाला, निनियन, की मला बघवेना. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. "मग? काय म्हणाले सरकार?"

मी म्हटलं, "म्हणाले, बरं झालं. चांगली मुलगी."

तिने मान हलवली. रुमालाने नाक पुसलं. "असं म्हणाले," एवढंच बोलली आणि हॅमचा तुकडा घेतला. जाताना फाटकाशी वळून मला म्हणाली, "मी उगाच बोलले तिथे. ऐकू गेलं नसेल ना त्यांना?"

आज सकाळी तंबू सोडून नेला. दालनात पाऊस पडतोय, पाहुण्यांनी वाहिलेली फुलं भिजून मातीत बसलीत, आणि ल्यूडोविक पाटीला आणखी एक ओळ जोडायच्या विचारात आहे.

बाबा काय म्हणाले ते तुला एकट्यालाच सांगते. तिला कधी कळवू नकोस. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी शुद्धीवर असल्यासारखं, आणि विचारलं, "कोण डोलिना?"

ग्रिझल